बाराच्या आतला गाडा

माझी सासरवाडी जुन्नर तालुक्यात, डिंगोऱ्याच्या अलीकडं. मी मंचरचा. जत्रेला जावई जातो तो जेवायला आणि घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, बैलगाडे पळताना बघायला. पण त्या वर्षी मी एक्सेल शिकलोय असं कुणीतरी कमिटीला सांगितलं आणि मला मांडवात कंप्युटरपुढं बसवलं. सांगणारी माझी बायकोच होती, हे नंतर कळलं.

नियम सोपा होता. गाडा बारा सेकंदांच्या आत निशाणाला आला तर पहिल्या नंबरात, तेराच्या आत आला तर दुसऱ्यात, आणि तसंच पुढं. एका नंबरात कितीही गाडे बसायचे. आदल्या वर्षापर्यंत हातातल्या घड्याळावर भागायचं. त्या वर्षी आणलेलं घड्याळ सेकंदाचेही शंभर तुकडे करायचं. त्यामुळं माईकवरचे गुरुजी वैतागले होते.

"एवढे पॉइंट कोण वाचत बसणार? पावणं, सरळ आकडा करून द्या."

म्हणजे राउंडचा फॉर्म्युला. क्लासला शिकवलेल्यातला तेवढा एकच मला पाठ होता आणि तो वापरायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. शेजारच्या रकान्यात टाकला, खाली ओढला, सगळे पॉइंट साफ. यादी अशी देखणी दिसायला लागली की मी दोनदा चहा मागवला.

माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणतो, वर्षानुवर्षं दुसऱ्या नंबरात अडकलेले. त्यांचे बैल आता थकले होते. ही त्यांची शेवटची जत्रा, पुढं गोठ्यात बसून खायचं, असं घरात ठरलेलं. त्या दिवशी ते जीव तोडून पळाले. घड्याळानं अकरा पॉइंट अठ्ठ्याण्णव दाखवलं. मामांनी स्वतः आकडा बघितला, भंडारा उधळला आणि निम्म्या गावाला मिठी मारली.

मग गुरुजींनी माझी यादी वाचली. मामांचा गाडा बारा सेकंद, दुसरा नंबर.

मामा मांडवात आले. माझं आता काही खरं नव्हतं.

"पावणं, घड्याळात अकरा व्हतं. बारा कुणी केलं?"

"फॉर्म्युल्यानं."

"त्याचा गाडा व्हता का जत्रंत?"

मी समजावलं की अर्ध्याच्या पुढं गेलं की तो वरचा आकडा धरतो.

"कुणाला इचारून?"

मी तो रकाना उडवला आणि घड्याळातले आकडे होते तसे गुरुजींच्या हातात दिले. निम्मे गाडे एकेक नंबर वर सरकले. त्यांच्या मालकांनी मलाच भंडाऱ्यानं माखलं, जणू मी काही उपकार केले होते. गुरुजींनी तोंड वाकडं करून सगळी यादी पॉइंटांसकट पुन्हा वाचली.

थोड्या वेळानं मामा बैल घेऊन थेट माईकपाशी आले.

"गुरुजी, परत वाचा. दुसरा नंबर पुकारला तवा बैल हितंच व्हते. पैला पुकारला तवा पाण्यावर नेलं व्हतं त्यांना. त्यांनी ऐकलं न्हाई."

गुरुजींनी कागद नीट केला, घसा खाकरला आणि सावकाश वाचलं. अकरा सेकंद, अठ्ठ्याण्णव पॉइंट, पहिला नंबर. मामा बैलाच्या वशिंडावर हात ठेवून रडत होते. बैल मांडवाच्या कनातीला लावलेला आंब्याचा पाला खात होते.