धोत्र्याचे भाऊबंद

खुरपणीत हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं. म्हणून आमच्यात किस्से तणासारखे वाढतात. उपटावेत तेवढे कमीच!

हिंगोलीतल्या एका कॉलेजच्या बागेत मी अन् माझी जाऊ शांता कामाला. वनस्पतीच्या मॅडमनं तिथं एकाच कुळाची झाडं लावलीत. प्रिन्सिपलचा डोळा त्याच जागेवर. त्यांना तिथं मोटरसायकली लावायच्यात. वाफे गेले की आमची रोजी गेली. मग मी कोणावर कशाला भरवसा ठेवू?

*

पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "वांगं आणि धोत्रा एकाच कुळातले."

"काहीबी!" मी म्हणलं. "धोत्र्यानं माणूस मरतो, वांग्याचं भरीत होतं!"

मॅडमनं दोन्ही फुलं पुढं धरली. पाकळ्या पाच, एकमेकींना जुळलेल्या. मधात पुंकेसर, तेबी पाचच.

शांता म्हणाली, "असंल बाई. माझे दीर न्हाईत का, एक गरीब गाय, एक नुसता इखार, पण दोघं एकाच मायचे!"

*

तरी माझा संशय गेला न्हाई. त्या दिवशी घरी वांगं केलं अन् आधी मालकाला वाढलं. दोन भाकरी खाऊन ते निवांत घोरायला लागले.

मग मी जेवले!

*

रातराणीबी त्याच कुळातली निघाली. शांता लगेच मागं सरकली. "तरीच हिच्यापाशी साप येतो!"

मॅडम म्हणाल्या, "वासानं पतंग येतात गं. साप आलेला कोणी बघितलाय?"

"ज्यानं बघितला, त्यो सांगायला राहिला का?" मी म्हणलं.

*

अश्वगंधाही त्यातलीच. ताकदीची मुळी म्हणून कोणीतरी रोपं उपटून राहिलं होतं. माझा संशय वॉचमन काकावर. त्या मुळीला घोड्याचा वास येतो, अन् तो हाताला लागतो.

"काका, आज कोणत्या घोड्याला खरारा केला?"

"मी साबणानं हात धुतलेत!" काका ओरडले.

*

मग तपासणीचे साहेब आले. प्रिन्सिपल म्हणाले, "सर, हे सगळं विषारी कूळ. पोरांच्या जिवाला धोका. उपटून टाकू?"

साहेबांनी धोत्र्याकडं बघितलं. "टाका. हे कूळ कॉलेजच्या आवारात नकोच."

मॅडमचं तोंड उतरलं. साहेबांचं जेवण रांधून वाढायचं काम आमच्याकडंच होतं. मी मॅडमला हळूच इचारलं, "बटाटाबी त्यातलाच का?"

"हो गं. का?"

मी ताटं घ्यायला गेले.

साहेबांच्या ताटात भाकरी, दही अन् बिनमिरचीचं वरण वाढलं. प्रिन्सिपललाबी तेच.

साहेब म्हणाले, "बाई, भाजी न्हाई केली?"

"केली ना. भरलं वांगं हाय, बटाट्याची भाजी हाय, टमाट्याची चटणी हाय, मिरचीचा ठेचा हाय."

"मग वाढा की!"

"कसं वाढू साहेब? सगळं त्याच कुळाचं. तुमी म्हणले आवारात नको. म्या डबे गेटाबाहेर ठिवले."

साहेबांनी वरणात भाकरी बुडवून एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा हातातच राहिला. प्रिन्सिपल कायतरी बोलायला लागले, तर त्यांना हातानंच थांबवलं.

"वॉचमन," साहेब म्हणाले, "गेट उघडा!"