सोडला की लागणारा ब्रेक

उस्मानभाईंच्या दुकानात तो ब्रेक बनवायला जेवढा वेळ गेला, त्याच्या दसपट वेळ त्याच्या गोष्टी सांगण्यात गेला असेल. पंक्चर काढायला आलेला माणूससुद्धा एखादा किस्सा ऐकल्याशिवाय सुटत नाही! शिवाय दर खेपेला त्यात नवीन काहीतरी घुसतं. तेव्हा ज्याने ड्रॉइंग काढलं त्यानेच, म्हणजे मी, एकदा नीट सांगून टाकलेलं बरं.

मी पुण्याहून नुकताच बी.एस्सी. होऊन लोणावळ्याला परतलो होतो आणि महिन्याभरात सगळं गाव सुधारून टाकायचं ठरवलं होतं. सुरुवात गोदाताईंच्या सायकलपासून. गोदाताई आमच्या धर्मार्थ दवाखान्यातल्या नर्सबाई. वळवण, तुंगार्ली, कुणे, कुठूनही बोलावणं आलं की बाळंतपणाला सायकलवरून निघायच्या. पण इथल्या पावसात ओल्या रिमवर रबराचा ब्रेक काय लागणार? दोनदा घसरल्या. दवाखान्याचे अध्यक्ष रावसाहेब म्हणाले, "तिसऱ्यांदा पडलात तर सायकल बंद. चालत जायचं."

एकदा त्या कुण्याला चालत गेल्या होत्या. पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. त्या दिवसाबद्दल त्या कधी बोलत नसत.

म्हणून उस्मानभाईंनी जुने भाग जमवून खास त्यांच्यासाठी सायकल जोडली. नऊवारीत बसता यावं म्हणून मधली दांडी काढलेली, आणि सीट इतकी खाली की दोन्ही पाय जमिनीला टेकावेत. राहिला फक्त ब्रेक.

* * *

मी तीन पानी ड्रॉइंग घेऊन दुकानात गेलो. तिथे तुकाराम आबा बसलेले. सगळी नोकरी रेल्वेत घाटाच्या गाड्यांचे ब्रेक तपासण्यात गेलेली. मला ते 'बीएस्सी' म्हणूनच हाक मारत.

"बीएस्सी, ही तुजी तार तुटली तर?"

"तर ब्रेक लागणार नाही."

"आमच्या गाडीचं दोन तुकडं झालं, तरी दोनी तुकडं आपसूक हुबं ऱ्हात्यात. घाटात ब्रेक लागल्यालाच असतो. चालायचं तर तो सोडवायचा!"

मी माझंच ड्रॉइंग पुन्हा तपासून पाहिलं. कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदाच.

"चार वर्सं तितं काय ब्रेक लावून बसलावतास व्हय?" आबा म्हणाले.

ड्रॉइंग मी तिथेच फाडलं. नवा बेत असा: मागच्या चाकाला लोखंडी डबी, डबीभोवती पट्टा, आणि तो पट्टा कायम आवळून धरणारी स्प्रिंग. हँडलवरचा लिव्हर दाबून धरला की पट्टा सैल, चाक मोकळं. सोडला की चाक जाम. जगाच्या बरोबर उलटं! मला तर ते फारच पसंत पडलं.

* * *

पट्टा आधी चामड्याचा लावला. घासून तापला की असा वास सुटायचा की बाजारातली सगळी कुत्री सायकलमागे.

आबा म्हणाले, "ब्रेक न्हाई लागला तर कुत्री धरत्यात. लय सोय झाली!"

मग मी कामशेतला भाताच्या गिरणीत गेलो आणि जुन्या कॅनव्हासच्या पट्ट्याचा तुकडा मागितला.

गिरणीवाल्याने विचारलं, "कशाला हवाय?"

"सायकल थांबवायला."

त्याने पट्टा काखेत घेतला. "अहो, आमचा पट्टा चालवायचा असतो!"

अर्धा तास विज्ञान समजावलं तेव्हा कुठे दिला. देताना म्हणाला, "घ्या, पण बोलायचं थांबवा."

* * *

पट्टा बसला आणि दुसऱ्याच दिवशी दुकानापुढून सायकल चोरीला गेली! मी चौकीवर धावणार, तेवढ्यात उस्मानभाईंनी जमिनीकडे बोट दाखवलं. चिखलात मागच्या चाकाची एक सरळ रेघ गेलेली. चाक जामच होतं ना!

रेघेवरून चालत गेलो. तळ्याच्या वळणावर चोर घाम पुसत बसला होता. पळण्याचंही त्राण नव्हतं.

"कसली म्हणायची ही सायकल?" तो आमच्यावरच उखडला. "वढून वढून जीव गेला माजा!"

"लिव्हर दाबायचा व्हता, भल्या मानसा," आबा म्हणाले.

"मग तशी पाटी लावायची न्हाई व्हय?"

उस्मानभाई भिडस्त माणूस. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखर पाटी लावली!

* * *

उतारावरची पहिली चाचणी अर्थात मी घेतली. निघण्यापूर्वी जमलेल्यांना बजावलं, "लक्षात ठेवा, भीती वाटली तर सोडायचं!"

वळणावर म्हैस आडवी आली. मी लिव्हर जिवाच्या आकांताने दाबला. म्हैस बाजूला झाली म्हणून बरं. मी थेट तळ्यात.

"बीएस्सीनं दाबला," आबांनी काठावरून जाहीर केलं.

दोष यंत्राचा नव्हता, हे मी कमरेएवढ्या पाण्यातूनच सांगितलं.

गोदाताईंना मात्र एका सकाळीत जमलं. मी जरा खट्टू होऊन विचारलं, "तुम्हाला कसं जमलं हो?"

"भ्यालेलं माणूस मूठ आवळतं," त्या म्हणाल्या. "ती सोडवायची, हेच तर माझं रोजचं काम."

* * *

आता रावसाहेब. त्यांना कोणी नमस्कार केला आणि त्यांनी दोन्ही हात जोडले नाहीत, असं कधी झालं नाही. हातात छत्री असली तर छत्री खाली पडायची, पण हात जुळायचेच! एकदा तर भरलेली कपबशी गेली.

गोदाताईंना ही सायकल द्यायची की नाही, हे ठरवायच्या परीक्षेला ते कोट-पगडी घालून आले. दवाखान्याच्या उतारावर पायथ्याशी, टांग्यांच्या अड्ड्याअलीकडे, आम्ही चुन्याची रेघ मारली होती. पावसाची भुरभुर चालू होती, म्हणजे परीक्षा खरी. गोदाताई वरून निघाल्या आणि बरोबर रेघेवर थांबल्या. टांगेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

रावसाहेब हलले नाहीत. "शिकवून ठेवलेल्याची कसली परीक्षा? आणा वर. मी बसतो."

आबांनी सायकल वर आणली. गोदाताई खाली रेघेपाशीच थांबल्या. मी रावसाहेबांना म्हणालो, "दाबून धरलंत की चालेल. थांबायचं तेव्हा फक्त..."

"कळलं, कळलं!"

ते निघाले. अर्ध्या उतारावर पगडी उडाली.

"ब्रेक दाबा! ब्रेक दाबा!" सगळा बाजार ओरडला. आणि रावसाहेबांनी दाबला! सायकल भन्नाट सुटली.

"सोडा! सोडा!" आम्ही तिघे वरून बोंबललो.

"अशा वेळी सोडा म्हणता?" रावसाहेब किंचाळले, आणि आणखी आवळला.

खाली टांगेवाले घोडे मागे खेचू लागले. उस्मानभाईंनी डोळे मिटले. तेवढ्यात गोदाताई रस्त्याच्या मधोमध आल्या, पदर सावरला, आणि हात जोडून मोठ्याने म्हणाल्या,

"रावसाहेब, नमस्कार!"

रावसाहेबांचे दोन्ही हात जुळले.

चाक करकरलं. सायकल रेघेवर उभी राहिली. रावसाहेबांचे पाय जमिनीला टेकलेले, हात छातीशी जोडलेले.

"नमस्कार, नर्सबाई," ते म्हणाले. "ही घेऊन जा."