काळ्यावरचा चंदेरी

संघपालला रंगाचं वेड होतं, आणि रंगानंच त्याची छाती धरली. नांदेडच्या एका डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात त्याची उमेदीची वर्षं गेली. ठोकलेली गाडी त्याच्या हातून निघाली की मार कुठं लागला होता ते मालकालाही सापडत नसे. पण रंग चटकन कडक व्हावा म्हणून त्यात हार्डनर घालतात, त्याच्या वाफेनं आधी खोकला लागला, मग धाप. डॉक्टरनं बजावलं, "हार्डनरचा वाससुद्धा घ्यायचा नाही आता. पुढच्या वेळी माझ्यापर्यंत पोचशील का, सांगता येत नाही."

गॅरेज सुटलं. घर बायकोच्या, पंचशीलाच्या, अंगणवाडीतल्या कामावर चालू लागलं. संघपाल मागच्या खोलीत गाड्यांची मॉडेलं करत बसू लागला. लाल एस्टी, ट्रॅक्टर, उसाचा ट्रक. लोक हौसेनं शोकेसमध्ये ठेवायला नेत. त्यांना साधा, बिनहार्डनरचा एनॅमल रंग पुरे. तो सावकाश वाळे, पण संघपालला तरी कुठं जायचं होतं?

पावसाळ्यात उदगीरहून अण्णाराव आले, नातीचा, शिवांगीचा, हात धरून. म्हाताऱ्यानं सारा जन्म दुधाचा टँकर चालवलेला. शुगरनं डोळे चालले होते.

"माणसाचं तोंड दिसत न्हाई आता," ते म्हणाले. "चमकलेलं तेवढं कळतंय. माझा टँकर करून दे बाबा. स्टीलचा होता, त्यात बघून मी दाढी करायचो. तसाच चमकला पाहिजे. अन् जरा लवकर कर."

संघपालनं पाइपाची टाकी केली, पुट्टी भरली, पाण्यातला पॉलिश पेपर मारून ती गुळगुळीत केली. आता खरं काम होतं ते काळ्या रंगाचं. चंदेरी रंग झळकतो तो खालच्या काळ्या थराच्या जोरावर. काळा आरशासारखा जमला, तर वरून चंदेरीची नुसती फुंकर मारली तरी स्टील उभं राहतं. काळा खरखरीत राहिला, तर वरचं सगळं राखेसारखं दिसतं. आणि काळा आतून ओला असताना घाई केली, तर काहीच उरत नाही.

त्यानं घाई केली. हवा दमट होती, एनॅमल वाळता वाळत नव्हता, आणि शिवांगीचे फोन येत होते. वरून बोट लावून बघितलं, कोरडं वाटलं, म्हणून त्यानं चंदेरी मारला. बघता बघता टाकीवर दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या पडल्या. सगळं खरवडून काढावं लागलं.

त्याच आठवड्यात शिवांगीचा परत फोन आला. "काका, आजोबांचा एक डोळा पार गेला. दुसऱ्याचंही डॉक्टर काही बोलत नाहीत."

संघपाल उठला आणि जुन्या गॅरेजातून हार्डनरची बाटली घेऊन आला. एकदाच, खिडकी उघडी ठेवून, नाकाला दुहेरी रुमाल बांधून. त्यानं स्वतःला असंच समजावलं.

दुपारी पंचशीला अंगणवाडीतून आली ती दारातच थबकली. तो वास तिच्या चांगला ओळखीचा होता. आत संघपाल भिंतीला टेकून बसला होता, ओठ निळे पडलेले, हवेसाठी तोंड उघडत होता. तिनं शेजाऱ्यांना हाका मारल्या, ऑटोत घातलं, दवाखाना गाठला.

ऑक्सिजन निघेपर्यंत ती खाटेशी उभी राहिली. मग म्हणाली, "एका टँकरपायी मरून राहिले होते तुम्ही. माझा इचार केला का?"

"म्हाताऱ्याची नजर चाललीय गं."

"अन् माझं काय चाललं होतं?"

घरी आल्यावर मागच्या खोलीला कुलूप दिसलं. त्यानं किल्ली मागितली नाही. पण जेवण उतरेना. फोन वाजला की तोंड फिरवून बसायचा. शेवटी पंचशीलानंच कुलूप काढलं. "रंग मी मारते. हार्डनर न्हाई. वाळायचा तेवढा वाळू द्यायचा. तुम्ही भायेर बसायचं, काचेमागं."

बंद खिडकीच्या बाहेरून तो ओरडून सांगे. "लांबून मार! थांबू नको एका जागी!" पहिल्यांदा काळा ओघळला. तिनं तो घासून काढला. दुसऱ्यांदा धूळ बसली. तिसऱ्यांदा, हात हलका झाल्यावर, टाकीत छताचा पंखा उलटा दिसला. आपल्याला आनंद व्हायला हवा, असं संघपालला वाटलं. पण त्याचे हात मांडीवर नुसते पडून होते. मग काळा आतूनही वाळेपर्यंत दोघं थांबले. रंगाचा वास पुरता जाईपर्यंत तिनं त्याला मॉडेलजवळ जाऊ दिलं नाही. चंदेरीही तिनंच मारला, पातळ, थरावर थर.

अण्णाराव आले तेव्हा त्यांना शिवांगीनं खांद्याला धरून चालवत आणलं. अंगणात ऊन होतं. तिनं टँकर त्यांच्यासमोर धरून हळूच वळवला. म्हातारा एकदम मागं सरकला.

"समोरून गाडी येऊन राहिली," ते म्हणाले. "लाइट लावून."

"आजोबा, तुमचीच हाय."

त्यांनी हात पुढं केला. चंदेरीवर बोटांचे ठसे उमटत गेले, तरी कुणी अडवलं नाही. "लई चांगला रंग मारलास, संघपाल," ते म्हणाले.

"ह्यांच्यासारखा रंग दुसऱ्याला जमत न्हाई," पंचशीला घाईनं म्हणाली.

संघपालनं तिच्याकडं पाहिलं. गप्प बसणं सोपं होतं. "मी न्हाई मारला," तो म्हणाला. "हिनं मारला. मला जमत न्हाई आता."

हे वाक्य तो पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला होता. अण्णारावांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "मलाबी गाडी चालवता येत न्हाई," एवढंच ते म्हणाले, आणि संघपालचा हात चाचपून धरला.

त्यानंतर कामं येत राहिली. घडवणं त्याचं, रंग तिचा. आत रंग फवारायचा कंप्रेसर सुरू झाला की संघपाल गल्लीच्या तोंडाशी जाऊन बसतो. आवाज तिथंही येतो. ती दार उघडून हाक मारेपर्यंत तो रस्त्यावरच्या गाड्यांकडं बघत राहतो.