यजमान मेला, पाहुणे राहिले

विषाणू जिवंत नाहीत असं म्हटलं की ऑरिन स्कॉगस्टाडचं डोकं फिरायचं. मोंटानातल्या आमच्या छोट्या कॉलेजात आम्ही दोघं जीवशास्त्र शिकवायचो. ऑरिन माझ्याहून बरेच मोठे, पण वाद घालताना मी वय बघत नाही.

"पेशींच्याही आधीपासून आहेत ते!" टेबलावर मूठ आपटत ते ओरडायचे.

"यजमानाच्या आधी पाहुणा येतो का हो?" मी डिवचायची. "पेशीत शिरल्याशिवाय तुमचे लाडके काडीचं काम करत नाहीत."

मग दार आपटलं जायचं.

उकळत्या, आंबट पाण्याच्या एका झऱ्यातून त्यांनी पेशी आणल्या होत्या आणि त्यांच्यात वाढणारे विषाणूही. पहिले जीव अशाच पाण्यात जन्मले असतील, असं ते म्हणत. पुढे भूकंपानंतर तो झरा थंड पडला. आता त्या पेशी फक्त आमच्या फ्रीझरमध्ये उरल्या होत्या, आणि हे विषाणू दुसऱ्या कुठल्याही पेशीला शिवत नसत.

चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत नेमका तो फ्रीझर बंद पडला. नमुने गोठलेले ठेवू शकेल असा गावातला सुका बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, लोकांनी नदीकाठच्या जेवणावळींसाठी केव्हाच उचलला होता. ऑरिन आपला मासे ठेवायचा डबा घेऊन आले. त्यात जेमतेम एका खोक्यापुरता बर्फ होता.

"पेशी घ्या," मी म्हणाले.

"का? विषाणू मेलेलेच आहेत म्हणून?"

"अहो, भांडायची वेळ आहे का ही?"

"जिवंत ते आधी वाचवायचं!" त्यांनी विषाणूंचं खोकं डब्यात कोंबलं. मी पेशी म्हणाले, म्हणूनच विषाणू! असा संताप आला की तो डबा त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला.

सुट्टीनंतर आम्ही फ्रीझरमधल्या पेशींची एकेक कुपी गरम आम्लात सोडून पाहिली. एकही पेशी वाढली नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू मात्र धडधाकट दिसत होते, दोन्ही टोकांना निमुळत्या लिंबासारखे.

"आता बोला," मी कडाडले. "जिवंत आहेत?"

"उपाशी आहेत!" ते माझ्यावर डाफरले. "मेलेल्याला भूक लागते का?"

मी तोंड उघडणार तोच ते मटकन स्टुलावर बसले.

"त्यांच्या तोंडचा घास मीच काढला, लॉर्ना. आणि तोसुद्धा तुला हरवायला."