शेवटच्या सीटवरची तयारी

संशोधनाच्या जहाजावर जायचं म्हणून चंद्रपूरला माझी वैद्यकीय तपासणी झाली. डोळे, कान, रक्तदाब, सगळं उत्तम. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "गाडी लागते?" मी मान डोलावली. "मग बोटही लागेल. सवय करून घ्या," म्हणत त्यांनी फिट असल्याचा शिक्का मारला.

गडचिरोलीच्या एसटीत मी नेहमीसारखी अगदी पुढे बसले, नाकाशी लिंबू धरून. शेजारी मासे विकून परतणारी एक म्हातारी होती. लिंबू कशाला, इथपासून चौकशी करत ती समुद्रापर्यंत पोचली आणि रिकामी टोपली उचलून उभीच राहिली.

"चाल मांगं, पोरी. समुद्रात तुले पुढची सीट कोन देईल?"

शेवटच्या सीटवर तिने माझं लिंबू टोपलीत टाकलं. "दांडा सोड. आंग सैल ठेव." खड्डा आला की ती दोन्ही हात वर करायची, टोपलीसकट वीतभर उडायची आणि "हुईऽ" करायची. थोड्या वेळाने मीही उडू लागले.

कंडक्टर वैतागला. "बाई, पुढं काऊन नाई बसत?"

"पुढं म्हातारे लोकं बसते," ती म्हणाली. तोंडात मोजकेच दात होते, ते सगळे दिसले.

मूल गावाचा स्टँड येईपर्यंत माझं पोट दुखत होतं, पण हसून. उतरताना तिने लिंबू परत दिलं. "वरनात पिळून खा."

जहाजावर पहिली मोठी लाट आली तेव्हा आम्ही जेवत होतो. सगळ्यांनी टेबलं घट्ट धरली. माझे दोन्ही हात वर होते.