जोडीतलं एक इंजिन

विमानाचा डावा पंखा थांबला होता आणि ते कलंडत माझ्या बैलजोडीवर येत होतं. कपाशीत तण काढायला डवरा चालू होता. मी बैलांच्या मानेजवळच्या शिवळा उपसून जू सोडलं, तसे बैल नाल्याकडं पळाले. माझ्या गुडघ्यांनी पळायचं नाव काढलं नाही, म्हणून मी सरीत आडवी पडले. विमान अंगावरून गेलं आणि पुढं पोटावर घसरत थांबलं.

आतून पांढऱ्या शर्टाचा पायलट उतरला. त्यानं आधी खिशातल्या कंगव्यानं केस विंचरले, मग विचारलं, "आजी, लागलं का?"

"तू इचारून राह्यला अन् मी आयकून राह्यली, म्हंजे जित्ती हाय. काऊन रे, आमचंच वावर दिसलं का तुले?"

तो वावराच्या कडेला धुऱ्यावर बसला आणि सोयरिकीला पोरी सांगाव्यात तशी विमानं सांगू लागला. आधीचं एका इंजिनावरही उंची धरायचं. हे दिसायला देखणं, पण एक इंजिन गेलं की दुसरं त्याला उलटं पाडतं.

"मंग दुसरं कायले ठेवलं?"

"तेही मीच बंद केलं, आजी. म्हणून सरळ उतरलो."

एवढं शिकून त्याला कळलं ते आमच्याकडं वखर धरणारा कोणीही जाणतो. जोडीतला एक बैल बसला की दुसऱ्याला हाणायचं नाही, जू सोडायचं. ऐन वेळी तसं करायला छाती लागते, हे मात्र मी बोलले नाही. फुगला असता.

दोन्ही बैल, तो आणि मी, चौघंही वाचलो.