रत्नीला होडीतून उतरवा

चोराला चोर म्हणायला दोन धडधाकट माणसं किती कचरतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

तापीकाठच्या या कापडाच्या शहरात, डिंडोली भागात आमची खानावळ आहे. आमची कसली, मावशींची. आम्ही नुसते गिळायला जातो. मावशी मूळच्या अकोल्याकडच्या. नवरा काशीराम जवळच्याच सचिन गावी मिलमध्ये होता. तो गेल्यावर त्याच्याच सोबत्यांना डबे देता देता ही खानावळ उभी राहिली. आता सकाळ-संध्याकाळ पंगती उठतात आणि दिवसभर एकच हाक चालू असते. मावशी, भाजी. मावशी, पाणी. मावशी, माझी पाळी बदलली, डबा लवकर. त्यांना दुसरं काही नाव असेल हे आम्हाला सुचलंही नव्हतं. त्या सगळ्यांच्या शेवटी जेवतात, तेही उभ्याउभ्या.

मी एका दुकानासाठी कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढतो. मोबाईलवर मला एक खेळ सापडला. कुणा परदेशी माणसाने एकट्याने लिहिलेला, मोजक्या पानांचा. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवणार. पूर आलाय, होडी लहान आहे, भाकऱ्या थोड्या आहेत. पाणी वाढलं की एकाने उतरायचं. कोणी, त्यावर भांडायचं आणि तीन म्हणताच प्रत्येकाने एकाकडे बोट दाखवायचं. मी नदी बदलून तापी केली आणि खोलीवर एकट्यानेच खेळून पाहिला. पण दोन्हीकडून आपणच भांडण्यात काय राम आहे?

म्हणून रविवारी जेवणाआधी खानावळीतच महेश आणि भगवानला धरून बसवलं. महेश एम्ब्रॉयडरी मशीन चालवतो, भगवान पलसाण्याला डाइंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात आहे. रस्सा शिजत होता. मावशी पदराला हात पुसत ऐकत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, मलाही घ्या. मी नाव विचारलं तेव्हा कळलं, त्या प्रभावती. पण खेळात ते नको म्हणाल्या. त्यांच्या गावी एक रत्नी होती. लोकांच्या कोंबड्या पळवायची, तोंडावर शिव्या द्यायची, आणि कुणाच्या बापाला भीत नव्हती. मावशींना रत्नी व्हायचं होतं.

आणि काय झाल्या! पहिल्याच फेरीत महेशची भाकरी चोरली आणि आळ भगवानवर घातला. मी खूश. पाणी वाढलं, मी तीन म्हणालो, आणि या दोन शहाण्यांनी स्वतःच्याच छातीवर बोटं ठेवली. महेश म्हणे मी उतरतो, भगवान म्हणे छे छे, मीच. असं कुणी करील हे खेळ लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल. मी डोकं धरून बसलो.

पुढच्या रविवारी तेच. रत्नीने वल्हं पळवलं, महेशने बुडी घेतली. मी बाजूला घेऊन विचारलं तर म्हणतो, ज्यांच्या हातचं खातो त्यांच्यावर बोट कसं उगारायचं? अरे बाबा, खेळ आहे! पण त्याच्या कपाळावर आठ्या. त्या दिवशी मावशींनी फासा परातीत टाकला.

"मी चोर आहो," त्या म्हणाल्या. "तुमची भाकर मीच खाल्ली. मंग मले काऊन वाचवता? इथंही मावशीच का मी?"

दोघं माना खाली घालून हसले. ते हसणं मला सहन झालं नाही. दिवसभर सगळ्यांची मावशी असलेल्या बाईला घटकाभर दुसरं कुणी व्हायचं होतं, आणि हे आदराने तिची वाट अडवून बसले होते.

तिसऱ्या रविवारी मी नियम वाढवले. स्वतःकडे बोट दाखवायचं नाही. नावाड्यालाही, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या मलाही, एक बोट. बरोबरी झाली तर नावाडी सांगेल ते. रत्नीने शेवटची भाकरी उघडउघड पदरात बांधली आणि सगळ्यांकडे बघत बसली. मी तीन म्हणालो. महेशचं बोट भगवानकडे, भगवानचं महेशकडे, रत्नीचं माझ्याकडे. माझं तिच्याकडे. बरोबरी. या बाईंना मी कधी एकेरी बोललो नव्हतो.

"रत्ने," मी म्हणालो, "तू चोर आहेस. उतर होडीतून."

महेश ताडकन उठला. भगवान म्हणाला, तोंड सांभाळून बोल. मावशींनी दोघांना हाताने खाली बसवलं.

"भाकर नाही देत मी कोणाले," त्या म्हणाल्या. "संगं घेऊन जातो."

मग त्यांनी स्वतःचं बुडणं सावकाश सांगितलं. पाणी गार होतं, लुगडं जड झालं, आणि होडीतून कुणी हाक मारली तरी रत्नीने वळून पाहिलं नाही. सांगून झाल्यावर त्या उठल्या, एक ताट घेतलं, त्यात रस्सा-भाकरी घेतली आणि उंबऱ्यात मांडी घालून जेवायला बसल्या. आमच्याआधी.

आम्ही रिकामी ताटं घेऊन भिंतीला टेकून बसलो. महेश माझ्याकडे पाठ करून बसला. शेवटी सवयीने भगवानच्या तोंडून गेलंच, "मावशी, भाजी."

त्यांनी घास मोडला, आणि वर न बघताच म्हणाल्या, "बुडालेलं माणूस वाढत नसते, बाप्पा. हातानं घ्या."

तिघंही उठलो. रश्शाचं पातेलं समोर होतं, पण पळी कुठे असते हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.